एकतीस पावसाळ्यांचे दप्तर

ही गोष्ट मी १२ फेब्रुवारी २०१९ रोजी दुपारी, आमच्या विद्यापीठाच्या अभिलेखागारात, तेथील निवृत्त लिपिक श्री. दिनकर हुपरीकर यांच्याकडून ऐकली. त्यांनी सांगितली त्याच क्रमाने देतो.

मोरवड गावच्या शेती संशोधन केंद्रात गेनू नावाचा एक भोळा शिपाई होता. केंद्र बंद होणार होते. संशोधक रेवतीबाई सोमण यांनी तेथे एकतीस वर्षे रोज सकाळी पाऊस मोजून वह्यांत लिहिला होता. तिसऱ्या दिवशी अभिलेखागाराचा टेम्पो येणार होता. त्यात जाणार नाही ते सगळे रद्दीत.

बाई म्हणाल्या, "गेनू, जे पुन्हा मिळणार नाही ते कपाटात ठेव. पुन्हा मिळेल ते टाक."

सायंकाळी कपाटात एक फुटकी कपबशी होती. वह्या रद्दीच्या ढिगात होत्या.

"अरे, माझा पाऊस कुठाय?"

"पाऊस काय बाई, दर साली येतोय. असली कपबशी आता बाजारात गावत नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि वह्या उपसून काढल्या. "अरे बाबा, त्या दिवसाचा पाऊस परत येतो का? तारीख बघ. तारीख असेल तेच ठेव."

दुसऱ्या दिवशी कपाटात वह्या होत्या. शिवाय सात लग्नपत्रिका, बिस्किटांचे पुडे आणि खोकल्याच्या औषधाची बाटली होती. पर्जन्यमापक कोठे बसवले होते त्याचा नकाशा रद्दीत होता.

"त्याच्यावर तारीख न्हवती, बाई. बाटलीवर दोन हायेत."

"गेनू! कुठं मोजलं, कुणी मोजलं, हे कळलं नाही तर त्या आकड्यांवर विश्वास कोण ठेवील? वह्यांबरोबर मोजणाऱ्याची ओळख गेलीच पाहिजे. नुसत्या वह्या पाठवल्यास तर याद राख!"

"नुसत्या न्हाई धाडत, बाई."

तिसऱ्या दिवशी गेनूने एकतीसच्या एकतीस वह्या आणि नकाशा बिनचूक टेम्पोत चढवला. बाईंना भरून आले. गठ्ठे एकदा मोजावेत म्हणून त्या स्वतः आत चढल्या.

गेनूने बाहेरून कडी घातली, यादी चालकाच्या हाती दिली आणि म्हणाला, "हाना."

बावीस मैलांवर, अभिलेखागाराच्या दारात, हुपरीकरांनी यादी वाचली, मग दार उघडले. यादी अशी होती: वह्या, नग एकतीस. नकाशा, नग एक. मोजणाऱ्या बाई, नग एक. कायम जतन कराव्यात. ओल लागू देऊ नये.

ती यादी मी स्वतः पाहिली आहे. दार उघडल्यावर बाई काय म्हणाल्या, याची खात्री मात्र मला करता आली नाही. मी दोन वेळा विचारल्यावर हुपरीकरांनी दोन निरनिराळी वाक्ये सांगितली, आणि दोन्ही लिहिण्याजोगी नव्हती.