काढ्यातलं शेवटचं मूळ

फार फार वर्षांपूर्वी एका गावात जे घडलं, त्यात चूक गावाला औषध देणाऱ्या म्हाताऱ्याची होती. हे आधीच सांगतो. मोठी माणसं अशी गोष्ट सांगताना दोष थंडीला देतात, नाहीतर नशिबाला. तुम्ही लहान असा की मोठे, तसं ऐकून घेऊ नका.

गाव डोंगराच्या सावलीत होतं. हिवाळ्यात तिथे ऊन उशिरा यायचं आणि लवकर जायचं. धुकं उतरलं की घराघरातून खोकला ऐकू यायचा. आणि एखाद्या घरातला खोकला अचानक थांबला, की शेजारी त्या दाराकडे धावायचे.

म्हणून थंडी पडताच सगळं गाव मिळून काढा करायचं. कुणी तुळस आणायचं, कुणी गवती चहा, कुणी सुंठ, कुणी गूळ. म्हाताऱ्याच्या अंगणात मोठं पातेलं चढायचं. शेवटचं मूळ मात्र म्हातारा टाकायचा, सगळ्यांकडे पाठ करून. ते कोणतं, हे विचारायचं नाही. विचारलं की औषधाचा गुण जातो म्हणे. पहिली वाटी त्याच्या बायकोची. तिला घाम फुटला, की मग बाकीच्यांनी प्यायचं.

म्हाताऱ्याच्या फडताळात दोन मुळं वाळवून ठेवलेली असायची. एक वेखंड, ते काढ्याचं. दुसरं कळलावीचं, अडलेल्या बाईच्या तळपायाला उगाळून लावायचं. ते पोटात गेलं तर माणूस मरतं. म्हाताऱ्याच्या अधू नजरेला दोन्ही तुकडे सारखेच दिसायचे. वेखंड तो वासावरून ओळखायचा. आणि मागच्या हिवाळ्यातल्या सर्दीपासून त्याला वासच येत नव्हता.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. गावाला औषध देणाऱ्याचं नाकच गेलं, हे लोकांना कळलं तर काय राहिलं?

त्या वर्षी पातेलं उकळलं, मूळ पडलं. सून वाढायला बसली आणि वाफेत तोंड घालून थांबली.

"मामंजी, दरवर्षी तो उग्र वास येतो. यंदा नाही आला."

"तुला सर्दी झालीय."

"मला काही झालेलं नाही. काय टाकलंत?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"विचारलंस ना?" म्हातारा म्हणाला. "आता गुण गेला आणि घरोघरी मढी पडली, तर खांदा द्यायला तू जा."

नवरा तिच्यावर खेकसला, "गप बस की. बाबा कधी चुकलेत का?"

"चुकले असते तर सांगितलं असतं का त्यांनी?"

पातेलं तेव्हाही ओतून देता आलं असतं. फडताळातला दुसरा तुकडा सुनेला हुंगायला देता आला असता. एका वाक्याचं काम होतं. पण सगळं गाव बघत होतं.

बायकोने वाटी उचलली. हळूच म्हणाली, "अहो, तुम्हाला वास आला होता ना?"

"आला होता," म्हातारा म्हणाला.

ती प्यायली.

लोक रिकाम्या वाट्या धरून तिच्या कपाळाकडे बघत बसले. घाम फुटेना. ऊन डोंगरामागे गेलं. पातेल्याखालचा जाळ विझत आला, तरी कुणी त्यात लाकूड सारलं नाही.

"चुलीजवळ सरका, आजी," कुणीतरी म्हणालं. "येईल घाम."

ती सरकली. थोड्या वेळाने म्हणाली, "घशात आग होतेय." मग ती ओकायला लागली, आणि ते काही थांबेना.

लोकांच्या हातातल्या वाट्या खाली पडल्या. सुनेने पातेलं लाथेने उलथलं. पोरांना पोटाशी धरून बायका अंगणाबाहेर पळाल्या. म्हातारा जागचा हलला नाही.

"थंडी बाधली असेल," तो म्हणाला. तेव्हासुद्धा.

त्यानंतर गावाचा काढा सुनेने केला. प्रत्येक मूळ आधी हातोहात फिरायचं. हुंगायला पोरांनाही मिळायचं, आणि ज्याला शंका यायची त्याला बोलायला लावायचे. हे आधीच केलं असतं तर कुणाचं काय जात होतं?

ज्याला 'माझं चुकलं' म्हणता येत नाही, त्याच्या हातचं औषध घेऊ नका.

म्हाताऱ्याची बायको मेली. शेवटपर्यंत ती शुद्धीत होती, आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.