फाटकावरची शेळी

रुळांच्या कडेला वसलेल्या एका गावात दिगंबर नावाचा एक घड्याळजी राहत होता. घड्याळं दुरुस्त करता करता त्याला छोट्या आगगाड्या बनवायचा नाद लागला. नाद कसला, वेडच ते! त्याचा बालमित्र पिराजी गवंडी होता. दोघांनी मिळून आपल्या गावच्या स्टेशनाचा देखावा उभा केला. इंजिनं, डबे, सिग्नल दिगंबरचे. डोंगर, घरं, झाडं पिराजीची. कामापेक्षा भांडणंच जास्त.

"दिग्या, तुझं इंजिन माझ्या डोंगरात अडकलं बघ!"

"मग डोंगर सरकव की!"

शेवटी पिराजीने रेल्वे फाटकाजवळ एक इवलीशी पांढरी शेळी बांधली. ती पाहून दिगंबरचे डोळे भरून आले. पिराजीचे वडील त्या फाटकावर नोकरीला होते आणि त्यांची शेळी तिथेच खुंट्याला असायची. दिगंबर तान्हा असतानाच त्याची आई गेली. त्या शेळीच्या दुधावर तो वाढला. पिराजीच्या आईने स्वतःच्या पोराआधी त्याला पाजलं होतं.

पुढे शहरातल्या रेल्वे संग्रहालयात अशा देखाव्यांचं प्रदर्शन भरलं. जो देखावा पसंत पडेल, तो संग्रहालयाच्या मोठ्या दालनात कायमचा मांडणार होते. दिगंबरची झोपच उडाली. आजवर गावाने त्याच्या गाड्यांना पोरखेळ म्हणून हसण्यावारी नेलं होतं. आता सगळ्यांची तोंडं बंद होणार होती.

प्रदर्शनात गर्दी लोटली. छोटी गाडी बोगद्यातून बाहेर आली की मुलं टाळ्या पिटायची. संग्रहालयाचे मोठे साहेब आले, वाकून वाकून पाहू लागले, खूश झाले. मग त्यांचं बोट फाटकापाशी थांबलं.

"रुळांजवळ जनावर? नियमात बसत नाही हे. कोणी बांधलं?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते दिगंबरच्या ओठांवर आलंही होतं. पण साहेबांच्या कपाळावरची आठी त्याने पाहिली, आणि हातातोंडाशी आलेलं दालन जातं की काय, या भीतीने ते वाक्य त्याने गिळलं.

"तेवढी चूक राहिली, साहेब. ते आमच्या गवंड्याचं काम. अडाणी माणूस, त्याला काय कळतंय?"

असं म्हणून त्याने चिमट्याने शेळी उपटली आणि खिशात टाकली. साहेब मान डोलावून पुढे गेले. दिगंबर वळला, तर मागे पिराजी उभा होता. दोघांसाठी चहा घेऊन आला होता बिचारा. एक पेला त्याने टेबलाच्या कडेला ठेवला आणि गर्दीतून निघून गेला.

देखाव्याला दालन मिळालं. दिगंबरच्या गळ्यात हार पडला. पण तो हार त्याला टोचू लागला. गावी पोचताच तो तडक पिराजीच्या घरी गेला.

पिराजीने दार उघडलं. रागावला नाही, की दार लावून घेतलं नाही. त्याने सतरंजी अंथरली.

"या मालक, बसा. काही काम काढलंय का?"

दिगंबरच्या काळजात चर्र झालं. तो पिराजीच्या पाया पडला, ढसाढसा रडला. "पिऱ्या, चुकलो रे! शिव्या दे मला, हवं तर मार. पण मालक म्हणू नकोस!"

पिराजीने त्याला हाताला धरून उठवलं. त्याचेही डोळे ओले होते. "माझ्या मनात काही नाही, मालक. तुम्ही चहा घ्या," तो म्हणाला.

त्यानंतरही पिराजी दिगंबरच्या अडीअडचणीला धावून येई. वाटेत भेटला की नमस्कार करी, तब्येत विचारी. पण मरेपर्यंत त्याने 'मालक' सोडलं नाही. संग्रहालयात लोक दिगंबररावांचं कौतुक करत, आणि 'दिग्या' म्हणणारं गावात कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य: चारचौघांत आपल्या माणसाला परकं करू नये. माफी मागितली की राग जातो, पण गेलेलं 'अरे-तुरे' परत येत नाही.