सदाशिवची भूपाळी

“मग याला गिळवत का नाही, बाबा?”

बाबांचा तरुण शिष्य यशोधन पुन्हा तेच विचारत होता. मठाच्या ओसरीवर, अच्युतबाबांच्या खाटेशेजारी, दोन कॉम्प्युटर केबलने जोडलेले. एक यशोधनचा नवाकोरा लॅपटॉप. दुसरा जाडजूड, पिवळा पडलेला, बाबांच्या गुरुबंधूचा, सदाशिवचा.

सदाशिवने त्यावर एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो लावला की कॉम्प्युटर भूपाळी वाजवायचा आणि बाबा सोबत गायचे. पुढे सदाशिव गेला, आणि तेव्हाच्या रीतीने प्रोग्रॅम ज्या कॅसेटवर साठवला होता, तिला बुरशी लागली.

यशोधनने खटपट करून सदाशिवच्या घरून त्याची प्रत मिळवली होती. बाबांनी आता अंथरूण धरलं होतं. ती भूपाळी एकदा ऐकायची, एवढंच मागणं उरलं होतं.

“लॅपटॉपवर लावू का? तिथं छान वाजते. मी ऐकलीय.”

“सदूला परक्या घरी कशाला भेटू?”

यशोधनने प्रोग्रॅम पुन्हा पाठवला. एका दमात, सगळा. जुन्या पडद्यावर पुन्हा तुटक्या अक्षरांचा कचरा.

“अडाणी आहे हो तुमचा कॉम्प्युटर! एवढंसं दिलं, तेही सांडतोय.”

शिकलेला मुलगा. चूक आपली असेल, हे मनात यायला जागाच नव्हती.

“असेल...” बाबा म्हणाले. “मला भूक लागलीय.”

यशोधन पेजेची वाटी घेऊन बसला. या कामात मात्र पोरगा लाखात एक. एक चमचा भरवायचा, बाबांचा घोट उतरेपर्यंत थांबायचं, मग पुढचा.

आज त्याचं लक्ष पडद्याकडे होतं. चमच्यामागून चमचा गेला...

बाबांना ठसका लागला. पेज दाढीवरून उपरण्यावर ओघळली.

“चुकलं, बाबा... चुकलं.” तो घाबरून त्यांची पाठ चोळू लागला.

बाबांनी दाढी पुसली. आणि पुन्हा तोंड उघडलं.

चमचा हवेतच राहिला. यशोधन त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिला... मग जुन्या कॉम्प्युटरकडे.

पण आधी त्याने वाटी संपवली. सावकाश.

मग तो एकेक ओळ पाठवू लागला. ओळ गेली की थांबायचं. जुन्याने ‘मिळाली’ म्हटलं की पुढची. सगळी दुपार त्यात गेली. आपल्याला राग कसा येत नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

शेवटची ओळ पोचली. कलत्या उन्हात, अगदी अवेळी, किनऱ्या आवाजात भूपाळी सुरू झाली. बाबांनी डोळे मिटून थरथरता सूर लावला.

दुसऱ्या कडव्यात कॉम्प्युटर अचानक गप्प झाला...

बाबांनी श्वास भरून घेतला.

सूर पुन्हा सुरू झाला.

भूपाळी संपली तेव्हा यशोधनचेही डोळे भरले होते. तरी सवय कुठे जाते!

“बाबा, मध्येच खंड पडतोय. लॅपटॉपवरही पडत होता. म्हणजे सदाशिवबाबांचीच चूक आहे ती. आत्ता काढून टाकतो.”

बाबांनी त्याचा हात धरला.

“राहू दे रे... तिथं तो माझ्यासाठी थांबतो.”