बसल्या जागी कळतं

"मग मला रात्री उडायचा परवाना दिलाच कशाला, साहेब?"

मुकादमसाहेब बशीतून चहा पीत होते. फ्लाइंग क्लबातले सगळ्यात जुने शिक्षक. त्यांनी मान वर केली नाही.

रेवतीचा पारा चढला. परवाना हाती येऊन महिनाही झाला नव्हता आणि पोरगी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसली होती. आज आईबाबांना छोट्या विमानातून सोलापूरला न्यायचं, हे तिनेच ठरवलेलं. उद्या तिथे मावशीच्या नातवाचं बारसं. बाबांनी तर मावशीला फोनवर दहादा ऐकवलं होतं, आम्ही विमानाने येतोय म्हणून. आता ते इस्त्रीची सफारी घालून व्हरांड्यात बसले होते. शेजारी आई, मांडीवर डबा.

दिवस मावळत आला होता आणि सोलापूरच्या बाजूला आभाळ काळंठिक्कर झालं होतं.

साहेबांनी समजावून पाहिलं. रात्री ढगात शिरलं की ना जमीन दिसत, ना चांदणी. विमान कलंडत जातं आणि आतल्या माणसाला वाटतं, आपण सरळ चाललोय.

"मला नाही तसं वाटणार," रेवती म्हणाली. "विमान कुठे कलतंय ते मला बसल्या जागी कळतं."

"कळतं?"

"कळतं."

साहेबांनी ऑफिसातली फिरती खुर्ची ओढली, तिला बसवलं, डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधला. रेवतीला हसूच आलं. पोरखेळ, दुसरं काय. साहेब खुर्ची हळूहळू फिरवू लागले.

"उजवीकडे," ती म्हणाली. बरोबर होतं.

खुर्ची त्याच वेगाने फिरत राहिली. एक फेरा, दुसरा, तिसरा...

"आता थांबली."

थांबली नव्हती. साहेबांनी बाबांना खुणेने आत बोलावलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. बाबांनी ती हलकेच धरली.

"आता?"

"आता डावीकडे. चांगली जोरात."

"नक्की?"

"शपथेवर सांगते."

"रुमाल काढ."

तिने काढला. समोर बाबा. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून उभे. खुर्ची जागची हलत नव्हती.



या माणसाला आपण मागच्या सीटवर बसवून नेणार होतो. रेवती खुर्चीतून उठली.

"आज नको, बाबा," ती कशीबशी म्हणाली. "एसटीने जाऊ."

आईचा जीव भांड्यात पडला. दुपारपासून ती मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होती. लेकीचं मन मोडायला नको म्हणून तोंडातून ब्र काढला नव्हता. हे सगळं तिने तेव्हा कबूल केलं. बाबांनीही सफारीचं वरचं बटण सोडून हुश्श केलं. मावशी उद्या टर उडवणार, म्हणाले, पण उडवू दे की, आपण समोर बसून ऐकू.

मग डबा उघडला. धपाटी होती, वर शेंगदाण्याची चटणी. आईने साहेबांनाही आग्रह केला. इतका वेळ कुणाला भूक म्हणून लागली नव्हती, ती आता सपाटून लागली.

रेवतीचा घास मात्र हातातच राहिला. तिने खालमानेने विचारलं, "म्हणजे मी अजून कच्चीच आहे, साहेब?"

साहेबांनी धपाट्याचा तुकडा मोडला, चटणीला लावला...

"मघापर्यंत होतीस."