काळ्या पाषाणाच्या पोटातला थर

खूप जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण त्या काळी वर्षं मोजायला कोणाला सवडच नव्हती. एका डोंगराच्या कुशीत पाथरवटांचं एक गाव होतं. घरं असतील चाळीस-पन्नास. पण छिन्नी-हातोड्याचा आवाज एवढा, की तिथली बाळं ठोकाठोक थांबली की झोपेतून उठून रडायची.

गावात आळ्या दोन. वरची आळी डोंगराला लागून. तिथले लोक काळा पाषाण फोडायचे आणि त्याची जाती, पाटे-वरवंटे, उखळं घडवायचे. खालची आळी नदीला लागून. तिथे निघायचा तांबूस, थराचा दगड, एकावर एक रचून ठेवलेल्या भाकरींसारखा. पाचर मारली की अखंड फरशी सुटून यायची. त्या फरशांच्या पायऱ्या व्हायच्या, ओटे व्हायचे.

आता बघा, वरच्या आळीची अंगणं खालच्या आळीच्या फरशांची, आणि खालच्या आळीचं पीठ वरच्या आळीच्या जात्यावरचं. एकमेकांवाचून दोघांचं पान हलत नव्हतं. पण सोयरिकीचं नाव काढलं की दोन्ही आळ्यांची नाकं वर. वरची आळी म्हणायची, "आमचा दगड अग्नीच्या पोटचा." खालची म्हणायची, "आमचा पाण्याने घडवला. थर मोजा आणि पिढ्या मोजा." दोन आळ्यांत लग्न कधी झालेलं नव्हतं, आणि कधी झालेलं नव्हतं म्हणूनच ते होत नव्हतं.

वरच्या आळीत सटवाजी नावाचा पाथरवट होता. हाताचा मोठा गुणी, पण स्वभावाने त्याच्या दगडासारखाच. दगडावर हातोडी टेकवून तो कान लावायचा. दगड अखंड असला की खणखणीत वाजतो, पोटात चीर असली की बद्द वाजतो. बद्द वाजलेला दगड सटवाजीने उभ्या जन्मात कोणाच्या घरात जाऊ दिला नव्हता. त्याचं जातं घेतलं की तीन पिढ्या बघायला नको, असं पंचक्रोशीत बोललं जायचं.

त्याला एकच लेक, चिमा. आई लवकर गेलेली, म्हणून घर तिनेच सांभाळलं. पहाटे ती जात्यावर बसली की अशी ओवी म्हणायची, की शेजारणी आपलं जातं थांबवून ऐकत बसायच्या. आणि सटवाजी अंथरुणात जागा असूनही डोळे मिटून पडून राहायचा, कारण उठला तर ओवी थांबेल.

या चिमाचं मन बसलं खालच्या आळीतल्या मल्हारीवर. मल्हारी फरशीवाल्या भागाबाईचा मुलगा. कामाला वाघ, बोलायला मऊ. भागाबाई सरळ बाई. तिने आडपडदा ठेवला नाही. एक दिवस नारळ घेऊन ती सटवाजीच्या ओट्यावर येऊन बसली. चार माणसं जमली.

"सटवाजीभाऊ," ती म्हणाली, "पोरांचं मन जुळलंय. आपण दोघांनी फक्त हो म्हणायचं बाकी आहे."

सटवाजीच्या मिशा फुरफुरल्या. "भागाबाई, पाषाणाच्या घरची लेक मी चिखलाच्या घरात देऊ?"

"ज्या ओट्यावर बसून बोलताय ना, तो चिखल माझ्या सासऱ्यांनीच बसवलाय," भागाबाई हसत म्हणाली.

लोक हसले. इथेच घोटाळा झाला. माणूस हरला तर एक वेळ गप्प बसतो, पण त्याच्यावर हसलं की त्याची जीभ सुटते. सटवाजी ताडकन उठला आणि समोरच्या गावदेवीच्या देवळाकडे हात करून म्हणाला, "ऐका सगळे. माझ्या काळ्या पाषाणाच्या पोटात ज्या दिवशी तुमच्या थराच्या दगडाचा एक कण सापडेल, त्या दिवशी मी स्वतः तो दगड डोक्यावर घेऊन तुमच्या दारात येईन आणि माझी लेक तुमच्या घरात घ्या म्हणून विनवीन. तोवर हा विषय बंद."

भागाबाईने नारळ उचलला. "तोवर हा नारळ उतरंडीत ठेवते," एवढंच म्हणून ती निघून गेली.

चिमा दाराआडून ऐकत होती. ती रडली नाही, भांडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे जात्यावर बसली, दळण दळलं आणि उठली. ओवी नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशी नाही. घरात जात्याची नुसती घरघर. भाकरी तीच, हात तोच, पण सटवाजीला घास गोड लागेना. आठवड्याने न राहवून त्याने विचारलं, "चिमे, गळा बसला का गं?"

"नाही आबा," चिमा म्हणाली. "शब्दच येत नाहीत."

असाच हिवाळा सरत आला. वरच्या आळीची एक रीत होती. आधी जातं, मग जावई. लेक लग्नाची झाली की बापाने तिच्या जात्याचा दगड एकट्याने, उपाशीपोटी, सकाळच्या उन्हात फोडायचा. दगड फुटला की आतून निघालेली पहिली कपची गावदेवीपुढे ठेवायची आणि आत काय निघालं ते मोठ्याने सांगायचं. अखंड काळा निघाला की संसार अखंड. मग वर शोधायला सुरुवात.

तर माघाच्या एका सकाळी सटवाजी खाणीवर गेला. लेकीचं जातं म्हणून त्याने सगळी खाण पालथी घातली. इकडे हातोडी टेकव, तिकडे कान लाव. शेवटी एक शिळा अशी वाजली की त्याच्या अंगावर काटा आला. असा खणखणीत आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. "ही माझ्या चिमाची," तो म्हणाला. रेघ आखली, भोकं पाडली, पाचरी बसवल्या आणि घण घातला. सातव्या घावाला शिळा दुभंगली.

आणि सटवाजी आत बघायला वाकला.

काळ्याभोर पाषाणाच्या ऐन मध्यात, भाकरीएवढा, तांबूस दगडाचा तुकडा बसला होता. आणि त्याला थर होते. एक, दोन, तीन, मोजून सात. त्याने डोळे चोळले. पाणी टाकून बघितलं. पाण्याने थर जास्तच उजळले. मेल्याने लपायचं सोडून नटायला सुरुवात केली, असं सटवाजीला वाटलं.

त्याने चहूकडे बघितलं. खाणीत चिटपाखरू नव्हतं. त्याने छिन्नी घेतली आणि तुकडा उकरून काढायला गेला. छिन्नीचंच टोक वाकलं.

"हळू रे बाबा," आवाज आला. "म्हाताऱ्या माणसाला असं ठोसतात होय?"

सटवाजी दचकला. सवयीने त्याने दगडाला कान लावला. आवाज दगडातूनच येत होता आणि एखाद्या खट्याळ आजीसारखा होता.

"तू इथे काय करतेस?" सटवाजी रागाने म्हणाला. "ही वरची आळी आहे. तू खालच्या आळीची."

"मी?" म्हातारी हसली. "अरे, मी मुळात तुझ्याच आळीची. पूर्वी मी अशाच एका काळ्या डोंगराचा माथा होते. तुझ्याएवढाच ताठा होता मला. मग उन्हाने तापवलं, पावसाने भिजवलं, मला भेगा पडल्या, आणि एक दिवस माझी चक्क माती झाली. नदीने उचललं आणि एका मोठ्या तळ्यात नेऊन टाकलं."

"मातीत गेलीस म्हण की," सटवाजी म्हणाला. त्याला थोडं बरं वाटलं.

"गेले ना. तळाशी बसले. माझ्यावर दुसरी माती बसली, तिच्यावर तिसरी. वरच्यांच्या भाराने आम्ही सगळ्या घट्ट झालो आणि थराचा दगड झालो. त्याला किती काळ लागला ते सांगत नाही, तुला भोवळ येईल. मग जमीन खचत गेली तशा आम्ही खोल गेलो. खाली काय धग म्हणतोस. माझ्या ज्या बहिणी आणखी खोल गेल्या त्या वितळल्या, त्यांचा लालबुंद रस झाला. तो रस भेग सापडली तसा उसळत वर आला आणि जाता जाता मला कडेवर घेऊन आला. मी वितळले नाही, नुसती भाजले, म्हणून तर तुझी छिन्नी वाकली. आणि तो रस बाहेर येऊन गार झाला, त्याचं काय झालं माहीत आहे?"

सटवाजीने शिळेच्या काळ्या कडेवरून बोट फिरवलं.

"तुझा काळा पाषाण झाला," म्हातारीच म्हणाली. "अग्नीच्या पोटचा तो हाच."

सटवाजीने विचारलं, "मग तू आता नक्की कोणत्या आळीची?"

"इतक्यात कसं सांगू? अजून खूप फिरायचंय मला."

गावदेवीसमोर घेतलेली शपथ सटवाजीला आठवली. भागाबाईचं हसू आठवलं. खाली नदी वाहत होती. तुकड्याभोवतीचा दगड फोडून सगळंच डोहात ढकललं, की झालं. दुसरी शिळा फोडायची, तिची काळी कपची देवीपुढे ठेवायची. कोणाला कळणार होतं?

"फेक की," म्हातारी म्हणाली. तिला त्याच्या मनातलं कळलं होतं. "माझं काही जात नाही. नदी मला झिजवेल, मी परत माती होईन, परत थर होईन. मला घाई नाही. पण सटवाजी, तू आजवर बद्द वाजणारा दगड कोणाच्या घरात जाऊ दिला नाहीस. उद्या तूच आतून बद्द वाजायला लागलास, तर ते ऐकायला कान कोणाचा लावशील?"

सटवाजी हातोडी मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याला पहाटेची ती मुकी घरघर ऐकू आली. त्याला वाटलं, चीर तर माझ्या घराला कधीच पडली आहे, आणि घाव मीच घातलाय. लेकीची ओवी गेली ती कोणत्या दगडापायी? या दगडापायी, ज्याचं मूळ आपल्याला आज कळतंय. त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग, काय सांगू तुम्हाला, हसू आलं. एवढा मोठा माणूस खाणीत एकटा बसून खो खो हसला.

मग त्याने पागोटं काढलं, त्याची चुंबळ केली, आणि काळ्या दगडासकट, थर दिसेल असं एक ढलपं फोडून ते डोक्यावर घेतलं.

भरल्या उन्हात, सगळा गाव कामावर असताना, सटवाजी वरच्या आळीतून खाली निघाला. वाटेत गावदेवीपुढे थांबून त्याने पहिली कपची ठेवली आणि मोठ्याने म्हणाला, "आई, पाषाण फोडला. आत थर निघाला. सात थर." दोन्ही आळ्यांच्या हातोड्या थांबल्या.

वरच्या आळीचा एक म्हातारा धावत आला आणि कानाशी लागला. "अरे सटवाजी, कोणी बघितलं होतं का? गप्प बसायचं होतंस."

"दगडाने बघितलं होतं, काका," सटवाजी म्हणाला आणि पुढे चालू लागला. मागे माणसं, बाया, कुत्री अशी वरात लागली. कोणीतरी हलगी काढली. कशासाठी वाजवतोय ते वाजवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

भागाबाई दारात उभी होती. सटवाजीने ढलपं तिच्या पायरीवर उतरवलं आणि हात जोडले. "भागाबाई, त्या दिवशी मी तुमच्या घराला चिखल म्हणालो. आज कळलं, माझा पाषाणही त्याच चिखलातून वितळून आलाय. माझ्या लेकीला पदरात घ्या."

भागाबाईने वाकून ते सात थर निरखले, बोटाने मोजले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती काही जीभ आवरणारी बाई नव्हती. "सगळं खरं सटवाजीभाऊ, पण नारळ कुठाय?"

सटवाजीने कपाळावर हात मारला. नारळ विसरलाच होता.

"राहू दे," भागाबाई म्हणाली. "माझ्या उतरंडीत एक ठेवलेला आहे, तोच घेऊ." आणि तिने आत जाऊन हिवाळ्याआधीचा तो नारळ आणला. फोडायला घेतात तर डोळ्यातून कोंब बाहेर आलेला. दोन्ही आळ्या पोट धरून हसल्या. मल्हारीने तो नारळ तसाच पाण्याकाठी लावला.

शिळेच्या उरल्या दगडातून सटवाजीने चिमाचं जातं घडवलं. वरच्या दगडाच्या तोंडावर म्हातारीचा एक तांबूस पट्टा तसाच ठेवला, कुंकवाच्या बोटासारखा. खाली बैठकीला फरशी मल्हारीने स्वतः घडवून दिली. हळदीच्या आदल्या पहाटे चिमा त्या जात्यावर बसली. सटवाजी नेहमीसारखा डोळे मिटून पडला होता. जातं फिरलं, आणि तिने गळा उघडला:

काळ्या पाषाणाच्या पोटी तांबडा गं थर,
एका डोंगराची लेकरं, दोन आळ्या, एक घर.

या वेळी मात्र सटवाजीला राहवलं नाही. तो उठून बसला आणि लेकीसमोर बसून खुंट्याला हात लावला. ओवी थांबली नाही.

तेव्हापासून त्या गावात सोयरीक करताना कोणी आळी विचारली नाही. कोणी विचारलीच तर म्हातारे, सटवाजीने सांगितलेलं त्या दगडाचं बोलणं आठवून, म्हणायचे, "इतक्यात कसं सांगू? अजून फिरायचंय."

कुळाचा ताठा वरवर खणणाऱ्याला असतो. जो पुरेसं खोल खणतो, त्याला परकं कोणी सापडत नाही.