पितळेच्या दोन चकत्या

“पण हे मन थांबणार कधी, स्वामीजी?”

हेरंब ध्यानाच्या आसनावरून पुन्हा उठला होता. तो रेडिओ केंद्रावर इंजिनिअर. रजा काढून मठात आला, ती रजाही संपत आली. मन मात्र होतं तिथेच.

केवलस्वामी संन्यासाआधी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. दुपारी गावातल्या शाळेची मुलं त्यांचं विजेच्या प्रयोगाचं यंत्र बघायला येणार, म्हणून ओट्यावर बसून ते यंत्र पुसत होते.

“कशात अडकलंय?”

“दादात. थोरल्या भावात. बाबा गेले तेव्हा स्मशानात, चारचौघांत त्याला म्हणालो, ‘तूच मारलंस त्यांना.’ पुढे डॉक्टरांकडूनच कळलं, दादाने शेवटपर्यंत काही कमी केलं नव्हतं...”

“मग?”

“रोज ध्यानात क्षमा मागतो. मग लाज वाटते. मग दादाचाच राग येतो. मग पुन्हा क्षमा. नुसतं इकडून तिकडे, तिकडून इकडे.”

“भाऊ कुठे असतो?”

“मिरजेला. पण तिथे जाऊन तमाशा कशाला? मनातला भाव खरा असला की झालं.”

स्वामींनी यंत्राचं बटण दाबलं. तारेचं वेटोळं गुणगुणू लागलं. वेटोळ्याच्या दोन्ही टोकांना पितळेची एकेक चकती. दोन्ही समोरासमोर, अगदी जवळ.

“आत काय चाललंय?” स्वामींनी विचारलं.

हेरंबचा आवाज लगेच खुलला. शिकवायला मिळालं की स्वारी स्वतःचं दुःखही विसरे.

“वीज चकत्यांतून वेटोळ्यात, वेटोळ्यातून चकत्यांत. सारखी ये-जा. याला आंदोलन म्हणतात.”

“आणि तो दिवा?”

ओट्याच्या पलीकडच्या टोकाला एक लहानसा दिवा होता. दोन बाजूंना दोन तारा पसरलेल्या. यंत्राशी कुठे जोड नाही. तो विझलेलाच होता.

“तो कसा लागेल? सगळी ये-जा आतल्या आत आहे.”

स्वामींनी लाकडी मुठी धरल्या आणि चकत्या एकमेकींपासून लांब ओढल्या. मधल्या वेटोळ्याची तार ताणून सरळ झाली.

पलीकडचा दिवा लागला.

“आता लाटा बाहेर पडल्या!” हेरंब खुशीत म्हणाला. “आमचं केंद्र यावरच चालतं. हे ऊनसुद्धा त्याच जातीची लाट. फक्त आंदोलन कितीतरी जलद.”

“म्हणजे सूर्यालाही चैन नाही.”

“थट्टा नको, स्वामीजी. मला शांती हवी आहे. खरंच सोसत नाही आता.”

स्वामींनी बटण बंद केलं. दिवा विझला.

“बटण बंद केल्यावर आतली ये-जा लवकर कधी थांबते? चकत्या जवळ असताना, की लांब?”

“लांब असताना. उघडच आहे. जे आहे ते तार बाहेर देऊन टाकते, म्हणून...”



...

हेरंबने लाकडी मुठी धरून चकत्या पुन्हा जवळ आणल्या, मग लांब केल्या.  

“आणि दादाने दारच उघडलं नाही तर?”

स्वामी यंत्र पुसत राहिले.

“सांगा ना, स्वामीजी. तोंडावर दार लावलं तर?”

स्वामींनी अंगणात काढून ठेवलेल्या हेरंबच्या चपलांकडे पाहिलं.

“चपला उन्हात तापल्यात. तशाच घाल आणि नीघ.”