थडथडणारी गाडी आणि कोळीणबाईचे दोन धागे

एक होती गाडी. निळी, म्हातारी. गाडीला होता आरसा, कानासारखा बाहेर आलेला. आणि आरशाच्या मागे कोण? कोळीणबाई! एवढीशी, वाटाण्याएवढी. पाय मात्र आठ!

कोळीणबाईची होती एक पोटली. पांढरी, मऊ. पोटलीत तिची बाळं. गाढ झोपलेली. पोटली टांगली होती चार धाग्यांवर. एक, दोन, तीन, चार.

दसरा आला. गुणाकाकांनी गाडी धुतली. घासली. खरवडली. चाकंसुद्धा सोडली नाहीत! मग झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. गल्लीत हळू. भुर्र भुर्र. काही नाही. बाजारात हळू. भुर्र भुर्र. काही नाही. मग लागला मोठा रस्ता. गाडी पळाली जोरात. आणि...

थडथड! थडथड! थडथड!

टिक! एक धागा तुटला.

टिक! अजून एक तुटला.

उरले किती? दोन. दोनच!

गाडी घरी आली. काकांनी पुढे लिंबू-मिरची बांधली. काकूंना म्हणाले, "शेवंता, गाडीला दृष्ट लागली बघ. पण आता काळजी नाही. जेवतो आणि ताईला आणायला जातो."

ताई राहते कुठे? मोठ्या रस्त्याच्या पार त्या टोकाला!

कोळीणबाईने पोट चाचपलं. पोटात आता धागा किती? एकाच धाग्यापुरता. तो बांधला तर होतील तीन. पण पुन्हा थडथड झाली तर? तिन्ही तुटतील!

ती आरशाला म्हणाली,
"आरसेदादा, आरसेदादा,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तू थांब ना."

आरसा म्हणाला, "मी का आपणहून हलतो? स्टेअरिंग थांबेना, मी थांबेना."

कोळीणबाई निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. काचेच्या फटीतून आत गेली.
"स्टेअरिंगदादा, स्टेअरिंगदादा,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तू थांब ना."

स्टेअरिंग म्हणालं, "सीट थरथरली का? नाही ना? मग बिघाड मागच्या चाकात नाही. थरथरलो मी. म्हणजे पुढचं चाक! चाक थांबेना, मी थांबेना."

घरात पोळीचा वास सुटला. कोळीणबाई घाबरली. तुरु तुरु, तुरु तुरु. पुढच्या चाकाकडे गेली.
"चाकोबा, चाकोबा,
स्टेअरिंग थांबेना,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तू थांब ना."

चाक रडवेलं झालं. म्हणालं, "माझ्या कडेला तोल राखायला शिशाचा एक तुकडा होता. बोटाएवढा. तो पडला. आता मी एकीकडे जड, एकीकडे हलका. हळू फिरलो तर चालतं. जोरात फिरलो की थडथड! शिसं चिकटेना, मी थांबेना."

शिसं कुठे होतं? नळाजवळ, चिखलात. तुरु तुरु, तुरु तुरु.
"शिसोबा, शिसोबा,
चाक थांबेना,
स्टेअरिंग थांबेना,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तू चिकट ना."

शिसं म्हणालं, "मला काय पाय आहेत? चाचा ठोकेना, मी चिकटेना."

घरात ताटं वाजली. ठण्! ठण्! जेवायला बसले की! पळ, कोळीणबाई, पळ! तुरु तुरु, तुरु तुरु. समोरच सुभानचाचांचं टायरचं दुकान.
"चाचा, चाचा,
शिसं चिकटेना,
चाक थांबेना,
स्टेअरिंग थांबेना,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तुम्ही ठोका ना."

चाचा म्हणाले, "अगं बेटी, चाक समोर आलं तर ठोकणार ना! काका गाडी आणेना, मी ठोकेना."

तुरु तुरु, तुरु तुरु. काका दारात बसून ताक पीत होते.
"काका, काका,
चाचा ठोकेना,
शिसं चिकटेना,
चाक थांबेना,
स्टेअरिंग थांबेना,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तुम्ही चाचांकडे गाडी न्या ना."

काका म्हणाले, "छे, छे! चाकाला काय झालंय? मी स्वतः धुतलंय ते! ही दृष्ट आहे, दृष्ट. लिंबू बांधलंय ना? लिंबू पडेना, मी गाडी नेईना."

मोठ्या माणसांना कोण सांगणार! काकांनी ताक संपवलं. मिशा पुसल्या.

तुरु तुरु, तुरु तुरु. गाडीच्या पुढे लिंबू लटकत होतं.
"लिंबूताई, लिंबूताई,
काका गाडी नेईना,
चाचा ठोकेना,
शिसं चिकटेना,
चाक थांबेना,
स्टेअरिंग थांबेना,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तू पड ना."

लिंबू म्हणालं, "मी तरी काय करू गं? मला दोऱ्यात ओवलंय. मुंगळा चावेना, मी पडेना."

किण किण, किण किण! हा कसला आवाज? गाडीची किल्ली! काकांनी चपला घातल्या!

तुरु तुरु तुरु तुरु! मुंगळा नळाजवळ उभा होता.
"मुंगळेभाऊ, मुंगळेभाऊ,
लिंबू पडेना,
काका गाडी नेईना,
चाचा ठोकेना,
शिसं चिकटेना,
चाक थांबेना,
स्टेअरिंग थांबेना,
आरसा थांबेना,
माझ्या बाळांचा धागा टिकेना!
तू दोरा चाव ना."

मुंगळा म्हणाला, "माझं घर पलीकडे. मधे हे डबकं. मला पूल दे. मग चावतो."

पूल? कशाचा? धाग्याचा!

कोळीणबाईच्या पोटात एकच धागा. बाळांसाठी जपलेला. तो दिला तर? पोटलीला दोनच धागे. आणि पोटात काहीच उरणार नाही. काहीच!

कोळीणबाईने डोळे मिटले. तिला रडू आलं. पण तिने धागा सोडला. सर्रर्र! या काठापासून त्या काठापर्यंत. झाला पूल!

मुंगळा खूश. धावला, चढला, दोऱ्याला चावला.
कच् कच् कच्!
दोरा तुटला.
लिंबू पडलं. टप्प!
गडगड गडगड गडगड, थेट नळाजवळ!

"अरे, अरे! माझं लिंबू!" काका धावले. खाली वाकले. आणि चिखलात त्यांना काय दिसलं? शिशाचा तुकडा!

काकांनी तो उचलला. पुसला. काकांचे कान लाल झाले.

"शेवंता, अगं, हा चाकाचा तुकडा! मला वाटलं मळ आहे. मीच खरवडून काढला गं!"

काकू म्हणाल्या, "आणि वर दृष्ट लागली म्हणे! मोठी मोटार, मोठी मिजास. जा आता चाचांकडे!"

मग काय झालं?
काकांनी गाडी नेली.
चाचांनी चाक काढलं, यंत्रावर फिरवलं. गर्र गर्र गर्र! "हं, इथे हलकं आहे." तिथेच शिसं ठोकलं. ठक् ठक्!
शिसं चिकटलं.

पण चाक थडथडायचं थांबलं का? स्टेअरिंग थांबलं का? आरसा थांबला का? ते कळणार कुठे? मोठ्या रस्त्यावर!

कोळीणबाईने आरशामागे जाऊन आठही पायांनी पोटली धरली. घट्ट.

गल्ली. भुर्र भुर्र.
बाजार. भुर्र भुर्र.
मोठा रस्ता. गाडी पळाली. जोरात. अजून जोरात. आता... आता... आता...

भुर्र भुर्र. भुर्र भुर्र.

चाक थांबलं!
स्टेअरिंग थांबलं!
आरसा थांबला!
आणि धागे?
एक. दोन.
दोन्ही टिकले!

संध्याकाळी गाडी घरी आली. ताई उतरल्या. आरशाकडे बघून म्हणाल्या, "गुणा, हे जाळं बघ. दसऱ्याला पुसायचं राहिलं वाटतं. आण ते फडकं!"

फडकं! कोळीणबाई पोटलीला बिलगली.

काका जवळ आले. वाकले. बघितलं. अगदी जवळून बघितलं. आणि म्हणाले, "नको, ताई. राहू दे. मी आता न बघता काही खरवडत नाही."

काका घरात गेले. फडकंही गेलं.

मग पोटली हलली. टिच्! एक बाळ आलं बाहेर. टिच्! दुसरं आलं. टिच् टिच् टिच् टिच्! किती आली? मोज बरं! आणि प्रत्येक बाळाच्या मागे एक एक धागा.

थडथड गेली, भुर्र उरली,
आईच्या कुशीत बाळं निजली.